सहा नंबरच्या पत्र्यावरची छत्री

रणजीतने पहिली छत्री फोडली तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. टीव्हीची ती छत्री कोंडीरामची होती, तीन नंबर खोलीच्या भिंतीला लावलेली. रणजीतने टिकावाचा दांडा आणला होता. पहिल्या घावाला छत्री चेपली, दुसऱ्याला पुढची दांडी तुटली आणि तिसऱ्याला सगळंच भिंतीवरून सुटून गटारात पडलं. कोंडीराम रात्रपाळी करून झोपला होता. आवाजाने डोळे चोळत बाहेर आला.

"भाऊ, का तोडायलाव? फुकटची चॅनलं दिसतेत तिच्यावर. तुमचं काय जातंय?"

एवढंच तो बोलला. रणजीतने दांडा त्याच्या तोंडावर आडवा मारला. कोंडीराम मटकन खाली बसला. त्याने ओंजळ तोंडाशी धरली, ती भरली, मग त्याने ती उघडून पाहिली. रक्तात दोन दात होते. खोल्यांच्या दारांतून माणसं बघत होती. मीही बघत होतो.

"केबल पाहिजे तर ऱ्हावा, न्हाईतर लातूरला जावा," रणजीत म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, उनात कशाला हुबं ऱ्हायलाय? घरी जावा."

मी घरी गेलो.

रणजीत माझा एकुलता एक. निघोज्यातली जमीन कंपन्यांनी घेतली तेव्हा तो शाळेत होता. उरलेल्या तुकड्यावर मी दहा खोल्या बांधल्या, त्यांत कंपन्यांत कंत्राटावर राबणारी माणसं भाड्याने राहतात. मोठा झाल्यावर रणजीतने गावात केबल आणली. खांबाखांबावर त्याच्या तारा. आमच्या खोल्यांत राहायचं तर त्याची केबल घ्यायची, हा त्याचा नियम. बरीच वर्षं कोणी काही बोललं नाही. मग लोकांना कळलं की जुनी पडीक छत्री आग्नेयेकडे नीट फिरवली आणि एक साधा बॉक्स जोडला की दूरदर्शनची आणि इतर कितीतरी चॅनलं फुकट दिसतात. सरकारचीच सोय ती. चोरी नाही, काही नाही. सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या गंजक्या छत्र्या आमच्या आवारात पडूनच होत्या.

त्या फिरवून द्यायचा भिवा.

भिवा आणि मी चिंचवडच्या एका कारखान्यात एकाच यांत्रिक हातोड्यावर बावीस वर्षं काम केलं. लाल झालेलं लोखंड तो चिमट्याने धरायचा, मी पायाने हातोड्याचं पेडल दाबायचो. माझा पाय चुकला असता तर त्याचे हात गेले असते. बावीस वर्षांत पाय चुकला नाही. त्या आवाजाने आम्हा दोघांचेही कान गेले, त्याचे जास्त. पुढे रस्ता रुंद करताना चिंचवडचं त्याचं घर पाडलं, तेव्हा मीच त्याला म्हणालो, निघोज्याला ये. सहा नंबरची खोली दिली. बायको गिरजाबाई. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच. दिवसभर टीव्ही बघायची आणि तीही जंगलातली जनावरं. सिंह हरणाच्या मागे लागला की खाटेवरून ओरडायची, "पळ गं बाई, पळ! अगं डावीकडं बघ मेले!" हरीण सापडलं की सिंहाला शिव्या आणि सुटलं की भिवाला चहा करायला लावायची.

भिवाची छत्री पत्र्यावर होती. सहा आणि सात नंबरच्या मधल्या भिंतीत पाईप रोवून त्याने ती बसवली होती. आमच्या खोल्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. ते मी आणि भिवानेच चढवले. सिमेंटच्या पत्र्यावर चालायची एक रीत आहे. पत्रा ज्या हुकांनी बसवलेला असतो त्या हुकांच्या रांगेवरच पाय टाकायचा, कारण त्यांच्या खाली लोखंडी पाईप असतो. रांग सोडली की खाली काही नाही. उन्हापावसात जुना झालेला पत्रा तर पापडासारखा. भिवा आणि मी न बघता चालायचो. रणजीत कधी पत्र्यावर चढलाच नव्हता. खांबावर त्याच्याकडे कामाला असलेली पोरं चढायची, तो खाली मोटरसायकलवर बसून हात दाखवायचा.

कोंडीरामचे दात पडले त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. अंबुबाई, माझी बायको, भाकरी थापत होती.

"त्या पोराला मारायचं काय कारण व्हतं?"

"एकाला मारलं की धा जण गप बसत्यात," रणजीत म्हणाला. "आठ खोल्यांनी माझी तार काढलीया, आबा. गावात लोक हसत्यात. म्हणत्यात, रणजीतच्या बापाच्याच पत्र्यावर फुकटची छत्री, आन् ह्यो निघालाय गावाला केबल द्यायला."

"भिवाची छत्री माझ्या सांगण्यानं हाय."

"म्हाईत हाय मला. म्हणून आजवर गप बसलोय." त्याने ताट पुढे सरकवलं. "त्येला सांगा, उतरव. पुन्हा त्यो पत्र्यावर दिसला, पुन्हा कुणाची छत्री फिरवताना दिसला, तर छत्रीला हात लावणार न्हाई मी. त्येचा हात मोडीन. कोपरातनं. तुमची आन."

"अरं, तुला खांद्यावर घेऊन गावजत्रेत हिंडलाय त्यो."

"मंग त्याच हातानं छत्री उतरवू दे."

अंबुबाई मला म्हणाली, "तुमी पण हट्टालाच पेटताय. परक्यापायी पोराशी वैर कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी भिवाला सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. त्याने ऐकलं आणि तंबाखू मळत राहिला.

"सोपानराव, तुमच्या पोराला मी काय कमी केलं?"

"तसं न्हाई रे. थोडे दिस उतरव."

"उतरवतो. पण मंग कोंडीरामनं दात कशापायी घालवलं?" तो हसला. त्याचेही पुढचे दोन नव्हतेच. "आन् गिरजा काय बघंल? माझं थोबाड? ते बघून तर ती चाळीस वर्षं शिव्या घालतीया मला."

खाटेवरून गिरजाबाई म्हणाली, "भावजी, पोराला म्हणावं, मला येऊन विचार. मी सांगते त्याला काय ते."

छत्री उतरली नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही. खरं म्हणजे मला ती तिथे हवी होती. माझ्या घरात माझं चालत नव्हतं, त्या पत्र्यावर चालत होतं.

आठवडाभराने वारा सुटला आणि छत्री हलली. टीव्हीवर नुसते चौकोन दिसायला लागले. तो गुरुवार होता, कंपन्यांची सुट्टी. रणजीत चाकणला गेल्याचं अंबुबाई म्हणाली होती. भिवा पत्र्यावर चढला, मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो. खालून गिरजाबाई पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघून ओरडायची, ते भिवाला ऐकू जात नसे, म्हणून मी मधे राहून हातवारे करायचो. पट्टी वाढली की मूठ वर, कमी झाली की हात आडवा.

"वाढली! अजून वाढली! गेली!" गिरजाबाई ओरडत होती. "भावजी, त्या बहिऱ्याला सांगा, नखभर मागं!"

मी हात आडवा केला. तेवढ्यात कोणीतरी माझ्या पायजम्याला धरून मला खाली ओढलं. मी तीन-चार पायऱ्या घसरत आलो आणि पाठीवर आपटलो. वर बघितलं तर रणजीत होता, हातात पाण्याच्या लाईनचा लोखंडी पाईप. मागे माझा पुतण्या रोहिदास. तो रणजीतच्या बरोबरच असायचा.

"रणजीत, न्हाई!" मी म्हणालो. "माझ्या जिवावर पाय देऊन जा."

तो खरंच माझ्यावर पाय देऊन गेला. बरगडीवर बूट पडला आणि माझा श्वास अडकला. तो शिडी चढू लागला. रोहिदास मला म्हणाला, "आबा, पडून ऱ्हावा. दोन मिन्टाचं काम हाय."

मी पडून राहिलो नाही. शिडीला धरून उठलो आणि पायरी पायरी चढलो. रोहिदासने माझा सदरा धरला, तो फाटला. डोकं पत्र्याच्या वर काढलं तेव्हा रणजीत भिवाच्या मागे पोचला होता. शिडी मधल्या भिंतीच्या सरळ रेषेत होती, म्हणून नकळत तो भिंतीवरूनच चालत गेला होता.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "भिवा! मागं बघ! भिवा!"

भिवाला ऐकू गेलं नाही. तो आमच्याकडे पाठ करून दोन्ही हातांनी छत्री नखभर मागे सरकवत होता. रणजीतने पाईप उगारला आणि त्याच्या उजव्या हातावर आणला. कोपराच्या खाली. हाड मोडल्याचा आवाज मला शिडीवर ऐकू आला. मला, ज्याला दारावरची बेल ऐकू येत नाही. हात जिथे वाकत नाही तिथे वाकला. भिवा ओरडला नाही. त्याने फक्त वळून पाहिलं आणि डाव्या हाताने छत्रीच्या पाईपला मिठी मारली, पडू नये म्हणून.

तिथे थांबायचं होतं. हात मोडीन म्हणाला होता, हात मोडला होता. पण रणजीतच्या तोंडाला फेस आला होता. भिवाने छत्रीचा पाईप धरला म्हणजे तो छत्री सोडत नाही, असं त्याला वाटलं असावं.

"सोड! सोड म्हणतोय ना थेरड्या!"

दुसरा घाव त्याने खांद्यावर घातला. कातडी फाटली. तिसरा त्याने डोक्यावर धरला, पण मधे छत्री येत होती. नीट घाव बसायला त्याला डावीकडून फिरून जायचं होतं. तो भिंतीवरून उतरला आणि हुकांच्या दोन रांगांच्या मधे त्याने एक पाय ठेवला. पत्रा कुरकुरला. मी तो पत्रा ओळखत होतो. मीच चढवला होता. दुसरा पाय उचलला की तो जाणार, हे मला दिसत होतं.

"रणजीत, थांब" एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. त्याला ऐकू गेलं असतं, तो माझ्यापासून फार तर आठ हातांवर होता. मी भिवाच्या डोक्याकडे बघितलं, वर गेलेल्या पाईपाकडे बघितलं आणि माझं तोंड उघडलं नाही.

त्याने दुसरा पाय उचलला. पत्रा मधोमध फुटला आणि माझा मुलगा उभाच्या उभा खाली गेला. पाईप त्याच्या हातातून सुटून पत्र्यावरून घरंगळत अंगणात पडला. खालून एक आवाज आला, खाटेच्या लोखंडी दांडीवर पाठ आपटल्याचा. मग गिरजाबाईच्या किंकाळ्या.

मी उतरलो, खोलीत गेलो. तो खाट आणि भिंत यांच्या मधे पडला होता, अंगावर पत्र्याचे तुकडे. एक तुकडा गालात घुसला होता. डोळे उघडे होते. गिरजाबाई खाटेवरून अर्धी खाली लोंबत होती आणि आपल्या पदराने त्याच्या गालाचं रक्त दाबत होती.

"पाय," तो म्हणाला. "आबा, माझं पाय कुठं हायत?"

पाय तिथेच होते. त्याला कळत नव्हते.

बाहेर रोहिदास बोंबलत रस्त्यावर गेला होता. "ढकललं! भिवानं रणजीतला ढकललं! मारलं आपल्या माणसाला!" गुरुवार असल्याने माणसं घरी होती. पाच मिनिटांत तीस-चाळीस जण आवारात आले. निम्मे भावकीतले. कोणाच्या हातात दांडा, कोणाच्या हातात ऊस तोडायचा कोयता. चार जणांनी रणजीतला फळीवर घालून एका गाडीत ठेवलं आणि चाकणच्या दवाखान्यात नेलं. बाकीचे पत्र्याकडे वळले. भिवा अजून वरच होता, छत्रीला धरून. एका हाताने त्याला उतरता येत नव्हतं. खालून दगड गेले. एक त्याच्या कपाळावर लागला, एक छातीवर. तो खाली बसला, पण भिंतीवरच बसला.

"खाली घ्या त्याला! पत्रा फोडून खाली घ्या!"

दोघे आत शिरून खालून बांबूने पत्रा फोडायला लागले. गिरजाबाईच्या अंगावर तुकडे पडत होते. रोहिदास कोयता घेऊन शिडी चढू लागला. मी शिडीला धरलं.

"त्यानं ढकललं न्हाई," मी म्हणालो.

"आबा, बाजूला व्हा."

"त्यानं ढकललं न्हाई!" मी असा ओरडलो की बरगडीतून कळ डोक्यात गेली. "त्याचा हात मोडल्याला हाय, त्यो कसा ढकलंल? मी वर व्हतो. रणजीत सोताच्या पायानं कच्च्या पत्र्यावर गेला. मी बघत व्हतो. मला म्हाईत व्हतं पत्रा फुटणार. मी सांगितलं न्हाई. मारायचं तर मला मारा, मी मारलाय त्याला."

 आतले बांबू थांबले. गर्दीच्या कडेला अंबुबाई उभी होती, अनवाणी, हात पिठाचे. ती पुढे आली.

"काय म्हणालासा?"

मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्या तोंडात मारली. मग दोन्ही हातांनी मारत सुटली, गालावर, डोक्यावर, छातीवर. कोणी धरलं नाही. रोहिदासने शिडीवरून उतरून कोयता टाकला आणि एक दांडा घेऊन माझ्या गुडघ्यावर हाणला. मी पडलो. आणखी एक-दोघांनी लाथा घातल्या. भावकीच ती, त्यांचा राग खरा होता. पण भिवाकडे मात्र कोणी गेलं नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हा कोंडीराम पत्र्यावर चढून, हुकांच्या रांगेवरून जपून, भिवाला पाठीवर घेऊन उतरवत होता.

रोहिदासने फिर्याद दिली होती की भिवाने जीव घेण्यासाठी ढकललं. दोन दिवसांनी मला जबाबाला बोलावलं. आदल्या संध्याकाळी भावकीतली सहा माणसं घरी बसली. एवढंच म्हणा की धक्काबुक्की झाली, नीट दिसलं नाही. भिवा चार दिवस आत जाईल, सुटेल, पण घराची अब्रू राहील.  अंबुबाई दवाखान्यातून नुकतीच आली होती. रणजीतच्या मणक्याचा चुरा झाला होता. कमरेखालचं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

चौकीत साहेबाने सगळं ऐकून पेन खाली ठेवलं.

"आजोबा, बाप आहात ना तुम्ही? पोराने तिसरा घाव घातलाच असता कशावरून?"

"त्यो डोक्यावर उगारल्याला व्हता साहेब. थांबून बघायची येळ न्हवती."

"आणि तुम्ही गप्प राहिलात, हेही लिहू?"

"ते आधी लिवा."

भिवावरची फिर्याद उभी राहिली नाही. त्याच्या हातात सळई घातली, बोटं वळत नाहीत. त्याची मुलगी मैत्री हिंजवडीत कामाला आहे, मारुंजीत खोली घेऊन राहते. ती टेम्पो घेऊन आईबापांना न्यायला आली. गिरजाबाईला आम्ही खाटेसकट टेम्पोत चढवलं. भिवा पुढे बसला. माझ्याकडे बघून त्याने डावा हात वर केला. मैत्री मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही खरं बोललात म्हणून बाबा वाचले, असं सगळे म्हणतात."

मी मान हलवली.

"कोंडीरामचे दात पडले तेव्हा तुम्ही दहा पावलांवर होतात म्हणे. तेव्हा बोलला असतात तर माझ्या बापाचा हात शाबूत राहिला असता. तुमच्या मुलाचे पायसुद्धा."

 मग ती टेम्पोत बसली.

रणजीतला दीड महिन्याने घरी आणलं. मला घरात येऊ द्यायचं नाही, असं अंबुबाईने ठरवलं होतं. मी दहा नंबरच्या खोलीत राहू लागलो. पण रणजीत अंगाने दांडगा, तिला एकटीला उचलत नाही. रोहिदास पहिले चार दिवस आला, मग त्याने केबल स्वतःच्या ताब्यात घेतली आणि त्याला वेळ मिळेना. पाचव्या दिवशी सकाळी तिने माझ्या खोलीची कडी वाजवली.

"चला. उचलायचाय," ती म्हणाली. त्यापुढे ती माझ्याशी आजवर बोललेली नाही.

मी गेलो. रणजीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, गालावर जखमेचा वळ.

"एवढं तोंड व्हतं तुमाला," तो भिंतीकडेच बघत म्हणाला. "भिवाला हाका मारत व्हता. ऐकल्या मी. मला एक हाक मारली असती."

"तू थांबला असतास?"

 "न्हाई म्हाईत," तो म्हणाला. "पण तुमालाबी म्हाईत न्हवतं."

मी वाकलो, त्याचे हात माझ्या गळ्याभोवती घेतले आणि त्याला उचललं. मोरीपर्यंत वीस पावलं असतील. दुसऱ्या पावलालाच त्याने माझ्या पाठीत बुक्की घातली. मग दुसरी. मोरी येईपर्यंत तो मारत होता, माझ्याच गळ्याला धरून, जिथे बरगडी मोडली होती नेमकं तिथे. अंबुबाई दार धरून उभी होती. ती त्याला नको म्हणाली नाही आणि मीही म्हणालो नाही.

आता मी रोज दोन वेळा जातो. तो रोज मारतो. कधी कधी रडतो आणि मारतो. परवा बुक्की जरा हलकी लागली. मी त्याला म्हणालो, "रणजीत, जेवला न्हाईस का?" त्याने दात खाऊन अशी एक घातली की मी भिंतीला टेकलो. त्याला खाली पडू दिलं नाही.